जोडीदाराची बांधिलकी: आहे किती, वाटते किती

‘खरं प्रेम करणारा माणूस समोरच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवत नाही’ हे वाक्य फिरत फिरत आपल्यापर्यंत येतंच. वाचायला छान आहे. मोजमापात मात्र टिकत नाही. 2020 साली नात्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी 43 अभ्यासांतल्या 11,196 जोडप्यांची माहिती एकत्र करून संगणकाकरवी चाळली. माणूस नात्यात समाधानी आहे का, हे सांगणाऱ्या नात्यासंबंधीच्या घटकांत पहिला नंबर लागला तो ‘माझा जोडीदार या नात्याला किती बांधील आहे असं मला वाटतं’ याचा. अर्थात, इथे समाधान आणि अंदाज दोन्ही एकाच माणसाने सांगितलेले आहेत. सुखी माणसाला सगळंच बरं दिसतं, हेही त्यात आलं.

मग हा अंदाज वागणं बदलतो कसा? याचं माझ्या मते सर्वांत देखणं उत्तर मानसशास्त्रज्ञ कॅरिल रस्बल्ट आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दिलं. ते एका चक्रासारखं चालतं. ज्याचं नात्यावर बरंच काही अवलंबून आहे, तो बांधील होतो. बांधील माणूस प्रसंगी स्वतःची गैरसोय सोसतो, टोचून बोललेलं ऐकून घेतो, उलट बोलत नाही. जोडीदार ते पाहतो आणि त्याचा विश्वास वाढतो. विश्वास वाढला की तोही या नात्यावर विसंबायला धजतो, म्हणजे आता तोही बांधील. पुढची पदरमोड तो करतो आणि चक्र दुसऱ्या बाजूने फिरू लागतं.

यातली खुबी ‘पाहतो’ या टप्प्यात आहे. समजा, जोडीदाराच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या दिवशी सोबत यायचं म्हणून एकाने मित्रांबरोबरची सहल सोडली. सहल आधीच रद्द झालेली असती, तरी तो आलाच असता. पण त्यावरून त्याच्या मनातलं काही कळलं नसतं. दोघांचं हित एकाच दिशेला असतं तेव्हा चांगलं वागणं हा पुरावा ठरत नाही. हितं जिथे आपटतात, तिथेच माणूस कळतो. म्हणून मतभेदाचा एकही प्रसंग न आलेल्या जोडप्याकडे विश्वासाला आधार कमीच असतो.

राशी जुळवून देणारे आणि ‘तुमची जोडी 94 टक्के’ असं छापणारे ॲप इथेच गोत्यात येतात. भेटण्याआधी भरलेल्या प्रश्नावलीत हे प्रसंग असणार कुठून? जोएल यांच्याच चमूने 2017 मध्ये अशा प्रश्नावल्यांवरून कोणाला नेमकं कोण आवडेल हे वर्तवून पाहिलं. जमलं नाही.

चक्र उलटंही फिरतं. सँड्रा मरे यांच्या संशोधनात दिसतं की स्वतःला कमी लेखणारी माणसं जोडीदाराचं प्रेम असतं त्याहून कमी धरतात आणि दुखावलं जायच्या आधीच अंग काढून घेतात. आता जोडीदाराला दिसतो तो हा कोरडेपणा. झिमेना अरियागा आणि सहकाऱ्यांना 2006 मध्ये आणखी एक गोष्ट आढळली: जोडीदाराच्या बांधिलकीबद्दलचा ज्यांचा अंदाज सतत वरखाली होत होता, त्यांची नाती तुटण्याची शक्यता अधिक होती.

आणि बांधिलकी पुरेपूर दिसली तर? जोएल आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात जोडीदार नात्यात पुरता गुंतलाय असं वाटणारे लोक नातं तोडायला कमी धजावले. स्वतः फारसे समाधानी नसलेलेही त्यात होते. आपण गेलो तर त्याचं काय होईल, या विचाराने ते थांबले होते.