चिलखत घातलं की माणूस उठत नाही?

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी कड्यांचं चिलखत विणायला घेतलं की आमच्या अकोटकडे हमखास ऐकू येतं, "मनभर वजन असते थे, पडला का मानूस उठत नाही!" साफ खोटं. गुडघ्यापर्यंतचं, पूर्ण बाह्यांचं चिलखतही साधारण 10 ते 15 किलोत बसतं. त्यात धावता येतं, घोड्यावर चढता येतं. 1659 मध्ये प्रतापगडाखाली महाराज अफझलखानाला भेटले तेही अंगरख्याखाली चिलखत घालूनच.

भार खांद्यावर येतो, हे खरं. कमरेला पट्टा आवळून वरचा भाग जरा सैल ओढून घ्या, बराचसा कमरेवर उतरतो.

आणि तारेची कडी पकडीने नुसती मिटवलेली असेल तर ती ओढाताणीत उघडते. जुने कारागीर टोकं चपटी करून रिव्हेट, म्हणजे बारीक खिळा, ठोकायचे. आपल्या उन्हात लोखंड चटका देतं, आत जाड सुती बंडी घालाच.