‘मेजर’चा चेहरा आणि मंगाप्रेमींची धास्ती : पार्श्वभूमी

हॉलिवूडने एखाद्या मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, हक्क घेतल्याची बातमी आली की चाहते खूश होत असतील, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘आता याची काय वाट लावणार?’ एवढी धास्ती एका चित्रपटाने बसत नाही. तीस-पस्तीस वर्षांत ती थरावर थर साचत गेली आहे.

सुरुवातीचे थर पातळ आहेत. ‘द गायव्हर’ (१९९१) आणि ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ (१९९५) हे अमेरिकी चित्रपट मंगांवरूनच आले होते, पण त्यांचं बजेट बेताचं होतं. मूळ मंगा वाचलेला प्रेक्षकही तेव्हा अमेरिकेत मूठभर होता. बिघडलं तरी ओरडणार कोण?

ओरड झाली ती २००९ मध्ये, ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ आल्यावर. तोवर एक अख्खी पिढी ‘ड्रॅगनबॉल’ या मंगाच्या नायकाबरोबर, गोकूबरोबर वाढली होती. आपल्याकडेही दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेतून येऊन दप्तर टाकायचं आणि कार्टून नेटवर्क लावायचं, हा कित्येक घरांतला नेम होता. गोकू म्हणजे डोंगरात एकटा वाढलेला, शेपूट असलेला, खायला बसला की ताटांची चळत लावणारा भाबडा मुलगा. चित्रपटात तो अमेरिकी हायस्कुलात टिंगल सोसणारा, आवडत्या मुलीपुढे गोंधळणारा पोरगा झाला. ही पठडी तिथल्या शेकडो किशोरपटांची. तिच्यात गोकूला कोंबलं तेव्हा गोकूच उरला नाही. मूळ लेखक-चित्रकाराने पटकथेबद्दल सूचना केल्या होत्या, त्या मानल्या गेल्या नाहीत, असं त्याने पुढे सांगितलं. त्या नाराजीमुळेच २०१३ च्या नव्या ॲनिमेपटात, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटात, त्याने स्वतः हात घातला. पटकथाकाराने २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि आपण हे काम मोठ्या मानधनासाठी घेतलं होतं, अशी कबुली दिली. माझ्या मते धास्तीचं मूळ इथे आहे. ज्याने जग उभं केलं त्याचं ऐकायला कुणी बांधील नव्हतं.

एवढा धडा मिळूनही पुढचा वाद त्याहून मोठा झाला. ‘घोस्ट इन द शेल’ ही मंगा १९८९ ची आणि तिच्यावरचा गाजलेला ॲनिमेपट १९९५ चा. तिची नायिका मेजर मोतोको कुसानागी. शरीर पूर्ण यांत्रिक, माणूसपण शिल्लक ते मेंदूपुरतं. ही भूमिका हॉलिवूडची एक आघाडीची गोरी अभिनेत्री करणार, असं जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं आणि विरोधाच्या निवेदनावर लाखाच्या वर सह्या झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये पहिलं छायाचित्र आलं. केस मेजरसारखेच काळे, आखूड, मानेपाशी कापलेले, आणि त्याखाली जगभर ओळखीचा गोरा चेहरा. पाठोपाठ बातमी फुटली, की कलाकारांना संगणकाच्या मदतीने आशियाई दिसवता येईल का याची चाचणी झाली होती. स्टुडिओने खुलासा केला की चाचणी मुख्य नायिकेची नव्हती, पार्श्वभूमीतल्या एका पात्राची होती, आणि ती कल्पना लगेच सोडून दिली. पण खुलाशाने आग विझली नाही, उलट भडकली.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण सगळी चर्चा त्यातच अडकली. ‘व्हाइटवॉशिंग’, शब्दशः रंगसफेदी. या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी ढकलल्या जातात. पहिली, गोऱ्या नटाने मेकअप करून आशियाई माणूस वठवणं. जुन्या हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं आणि आज ते कुणीही उघडपणे योग्य म्हणत नाही. दुसरी, मूळचं आशियाई पात्रच गोरं करून टाकणं. तिसरी, कथा पुरती उचलून दुसऱ्या देशात नेणं, म्हणजे गावही बदललं, माणसंही बदलली. तिसऱ्या प्रकाराला रंगसफेदी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तसं म्हटलं तर जगातलं निम्मं रूपांतर बाद होईल, आणि मराठी रंगभूमीलाही आपले कित्येक लाडके प्रयोग त्यात टाकावे लागतील.

‘घोस्ट इन द शेल’ यातल्या कुठल्या खणात बसतो? बचाव करणारे म्हणाले, मेजरचं शरीर कारखान्यात बनलेलं आहे, त्याला वंश कसला? १९९५ च्या ॲनिमेपटाच्या दिग्दर्शकानेही हेच म्हटलं, की ते शरीर आणि ते नाव दोन्ही तिची मूळची नाहीत, तेव्हा आशियाई अभिनेत्रीच हवी असा आग्रह धरायला आधार नाही. मूळ प्रकाशन संस्थेच्या अधिकाऱ्याने तर जपानी अभिनेत्रीची आपण कल्पनाच केली नव्हती, असं सांगितलं. जपानीत ‘मुकोकुसेकी’ असा शब्द आहे, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेलं. मंगातली मोठ्या डोळ्यांची, निळ्या-गुलाबी केसांची पात्रं तशी असतात, हा युक्तिवाद अभ्यासकही मांडतात.

तो वजनदार आहे, हे मान्य. तरीही मला तो अपुरा वाटतो, कारण जपानमधला प्रेक्षक आणि अमेरिकेतला जपानी वंशाचा प्रेक्षक एकाच जागी उभे नाहीत. तोक्योतल्या माणसाला रोज संध्याकाळी टीव्हीवर शेकडो जपानी चेहरे दिसतात. एक हॉलिवूडपट गोऱ्या बाईने केला तर त्याचं काय जातं? कॅलिफोर्नियात वाढलेल्या मुलीला मात्र दहा वर्षांत एखादी अशी भूमिका दिसणार, आणि तीही दुसऱ्याच कुणाला गेली. जपानी लोकांना चालतं, मग तुमचं काय दुखतं, हा प्रश्न तिला विचारणं म्हणजे तिचं ऐकायचंच नाही असं ठरवणं.

आणि मग चित्रपटाच्या कथेनेच बचाव मोडून काढला. शेवटाकडे कळतं, की या गोऱ्या शरीरातला मेंदू मोतोको कुसानागी नावाच्या जपानी मुलीचा आहे, जिला पळवून तिच्यावर प्रयोग केले गेले. तिची जपानी आई एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. शेवटी मायलेकी मोतोकोच्या थडग्यापाशी भेटतात. आईच्या समोर उभी असते ती परक्या चेहऱ्याची लेक. म्हणजे ‘तिला वंशच नाही’ हे म्हणणं पटकथेलाच मान्य नव्हतं. जपानी मुलगी पुसून तिच्या जागी गोरी स्त्री बसवली जाते, हे कथेतही घडतं आणि पात्रनिवडीतही. कथेत तो गुन्हा ठरतो. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा राग यायच्या आधी घशाशी काहीतरी दाटून आलं.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या, सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात १७ कोटींच्या आसपास गल्ला जमवला. चित्रपटगृहांचा वाटा आणि प्रसिद्धीचा खर्च धरला तर हा तोट्याचाच व्यवहार. पात्रनिवडीच्या वादाचा समीक्षणांवर परिणाम झाला, हे वितरणाच्या बाजूनेही नंतर मान्य केलं गेलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच नावाच्या मंगावरचा ‘डेथ नोट’ आला. कथा सिॲटलला नेलेली, म्हणजे वर सांगितलेला तिसरा प्रकार. स्थलांतर मला खटकलं नाही. मंगातला नायक लाइट थंड डोक्याने माणसं मारतो, आणि इथला लाइट मृत्युदेव पाहून किंचाळतो, हे खटकलं. चाहते चेहऱ्यावरून भांडतात असा समज आहे, पण त्यांचं बरंचसं भांडण स्वभावासाठी असतं.

‘अलिटा : बॅटल एंजल’च्या वेळी वाद डोळ्यांवर आला. डिसेंबर २०१७ च्या ट्रेलरमध्ये नायिकेचे संगणकाने मोठे केलेले डोळे पाहून अनेक जण बिचकले. निर्मात्यांनी डोळे लहान केले नाहीत, बुबुळं मोठी करून पांढरा भाग कमी केला. मंगातलं चित्र सोडायचं नाही हा हट्ट त्यामागे होता आणि तो फळला. २०१९ मध्ये आलेल्या या चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलरपर्यंत मजल मारली.

खरा फरक पडला ३१ ऑगस्ट २०२३ ला, ‘वन पीस’ या मंगावरची मालिका आली तेव्हा. आपलं समाधान होईपर्यंत ती दाखवायची नाही, असं ठरल्याचं मूळ मंगाकाराने चाहत्यांना पत्र लिहून कळवलं होतं. खऱ्या जगात कथेचा नायक लुफी कुठला असता, असं एका वाचकाने त्याला फार पूर्वी विचारलं होतं, तेव्हा त्याने ब्राझील सांगितलं होतं आणि लुफीचा साथीदार झोरो याच्यासाठी जपान. मालिकेत लुफी झाला मेक्सिकोचा तरुण आणि झोरो जपानी अभिनेता. ब्राझीलच्या जागी मेक्सिको आला म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, कारण तो मुलगा हसला की लुफी हसल्यासारखं वाटतं.

‘अकिरा’ या मंगावरचा हॉलिवूडपट मात्र झालाच नाही. २००२ पासून हक्क अमेरिकी स्टुडिओकडे होते. दिग्दर्शक बदलत गेले, एका आराखड्यात कथेतल्या निओ-तोक्यो शहराचं निओ-मॅनहॅटन झालं, आणि गोऱ्या नटांची नावं पुढे येताच विरोध झाला. शेवटच्या दिग्दर्शकाने आशियाई कलाकार घेण्याचा शब्द दिला होता. मे २०२१ ची तारीखही ठरली होती, पण काम थांबलं ते थांबलंच. २०२५ मध्ये हक्क जपानी प्रकाशकाकडे परत गेले. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या मंगावेड्यांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप धाडले.