डबक्यातला प्रवासी, ओढ्यातला रहिवासी

डोंगरातल्या ओढ्यात पाणी खळाळतं त्या जागचा एखादा दगड उलटून पाहा. लांब नखांनी दगड घट्ट धरून बसलेला दोन-तीन मिलिमीटरचा काळसर भुंगेरा सापडेल. हा एल्मिडी कुळातला. अंगावरच्या अतिबारीक केसांत तो हवेचा थर धरून ठेवतो आणि पाण्यातला प्राणवायू त्यातून मिळवतो. श्वासासाठी त्याला वर यावं लागत नाही. काठच्या डबक्यातला डायटिसिडी कुळातला भुंगेरा मात्र हवा घ्यायला पुन्हा पुन्हा वर येतो आणि ती टणक पंखांखाली साठवून बुडी मारतो. दोघांत हातभराचं अंतर, पण जगाच्या नकाशावरचा त्यांचा पसारा फार निराळा. असं का, हे कळायला बराच काळ गेला.

पाणभुंगेरे दूर उडतात, हे डार्विनने हेरलं होतं. जमिनीपासून 45 मैलांवर असलेल्या बीगल जहाजावर कोलिम्बेटीस प्रजातीचा एक पाणभुंगेरा येऊन उतरला, याचा उल्लेख त्याच्या 1859च्या ग्रंथात आहे. एप्रिल 1882मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन आठवडे आधी, 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात त्याचं टिपण आलं. तेही पायाला चिमुकला शिंपला चिकटलेल्या पाणभुंगेऱ्याविषयी!

काळाचा धागा जुळला तो गाळातून. 1959मध्ये रसेल कूपने इंग्लंडमधल्या चेलफर्डच्या हिमयुगीन गाळातले भुंगेऱ्यांचे अवशेष अभ्यासले. अशा अवशेषांतून दिसलं की जाती फारशा बदलल्या नव्हत्या, हवामानामागोमाग त्यांनी जागा बदलल्या होत्या. बर्फ वितळून साचलेल्या पाण्याकाठी राहणारा हेलोफोरस ग्लेशियालिस हा भुंगेरा आज स्कँडिनेव्हियात आहे आणि आल्प्ससारख्या पर्वतांतही आहे. मधल्या सखल प्रदेशात नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 2000 सालचं काम. इग्नासिओ रिबेरा आणि आल्फ्रिड व्होगलर या कीटकशास्त्रज्ञांनी आयबेरियन द्वीपकल्पातल्या (स्पेन-पोर्तुगालमधल्या) पाणभुंगेऱ्यांची तुलना केली. साचलेल्या पाण्यातल्या जातींचा पसारा मोठा, वाहत्या पाण्यातल्यांचा लहान निघाला. त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. डबकं आटतं, गाळाने भरतं; तिथे टिकायचं तर उडून नवं पाणी शोधावंच लागतं. ओढा हजारो वर्षं वाहतो, घर सोडायची निकड नसते. म्हणूनच एकेका डोंगररांगेपुरत्या जाती ओढ्यांत अधिक घडल्या.

तरी सगळंच या सूत्रात बसत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ओल्या कड्यांवर, खडकावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात ॲस्पिडायटीस हा पाणभुंगेरा सापडला; 2002मध्ये त्यासाठी नवं कुळच मांडावं लागलं. त्याचा जवळचा भाऊबंद तशाच पाझरत्या खडकावर मिळाला, तो थेट चीनमध्ये.