दख्खनचे माळरान : वनस्पतिवैविध्य आणि ते घडवणारे घटक

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पसरलेला, सलग गवताचा आणि मधूनमधून हिवर, बोर, खैर अशी काटेरी झाडे असलेला भूप्रदेश म्हणजे माळरान. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, बीड या जिल्ह्यांत तो आता तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. महसुली दप्तरात अशी जमीन ‘पड’, ‘पोटखराबा’ किंवा ‘गायरान’ म्हणून लागते. त्यामुळे ती वाया गेलेली आहे, असा समज पक्का होत गेला. हा समज चुकीचा आहे. भाद्रपदात माळावर उकिडवे बसून हातभर जागा नीट पाहिली, तर तिथे गवताच्या चार-पाच जाती, जमिनीलगत पसरलेल्या शेंगवर्गीय वेली, कंदातून वर आलेली काळी मुसळी, एखादे कंदीलपुष्प असे कितीतरी एकत्र सापडते. या वैविध्याचे मूळ टंचाईत आहे. पाणी कमी, माती उथळ आणि अन्नद्रव्ये तुटपुंजी असल्यामुळे कोणत्याही एका जातीला सगळा माळ बळकावता येत नाही.

पावसाचा उतार इथे फार तीव्र आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण 5,500 मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला 80 किलोमीटरांवर फलटणला तो 500 च्या आसपास येतो. मात्र एकूण पावसाइतकाच त्यातला खंड महत्त्वाचा असतो. मृगाच्या सरींवर उगवलेली वर्षायू (एका हंगामात जीवन संपवणारी) रोपे जुलैतल्या ओढीत करपतात, तर खोल मुळांची बहुवर्षायू (वर्षानुवर्षे जगणारी) गवते तग धरतात. पाऊस नियमित झाला की चित्र उलटते. म्हणूनच एकाच माळाची दोन वर्षांची यादी सहसा सारखी येत नाही, आणि एका हंगामाच्या पाहणीवरून माळाची किंमत ठरवू नये.

पावसानंतर माती. टेकाडाच्या माथ्यावर काळा पाषाण उघडा असतो आणि त्यावर जेमतेम चार बोटे मुरूम. तिथे ठेंगणी वर्षायू गवते आणि कंदवर्गीय वनस्पती राहतात. उतारावर वीतभर तांबूस माती साठते, तिथे पवन्या आणि कुसळी या गवतांचे राज्य. खाली, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत मारवेल हे गवत फोफावते. ओढ्याकाठी जमीन खार साठून चोपण झाली असेल, तर खार सोसणारी मोजकीच गवते उरतात. हा सगळा पालट दोन-चारशे पावलांत होतो. भारतीय गवताळ प्रदेशांच्या 1973 च्या वर्गीकरणात द्वीपकल्पाच्या पट्ट्याला पवन्या आणि मारवेल यांच्याच प्रजातींचे नाव मिळाले आहे. कासच्या पठारासारखे जांभ्याचे सडे हा निराळा प्रकार. तिथे पाऊस उदंड, पण माती नावापुरती आणि नत्र अत्यल्प. म्हणून दवबिंदू, सीतेची आसवे अशा कीटकभक्षी वनस्पती तिथे नांदतात.

कुसळीचे बी पाहण्यासारखे असते. त्याच्या लांब शेपटाला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून टोकदार बी गिरमिटासारखे मातीत रुतत जाते. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोहोचते, म्हणून ते पिकल्यावर मेंढपाळ कळप तिथून हलवतात.

चराई आणि आग यांचा परिणाम प्रमाणावर ठरतो. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचे पाते खाल्ले किंवा जळाले तरी ते पुन्हा फुटते. माफक चराईने उंच गवताची सावली कमी होते आणि खालच्या बारीक वनस्पतींना ऊन मिळते. फलटण भागातले धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पुढच्या पावसाला परततात. या फेऱ्यामुळे माळाला काही महिने विसावा मिळे. बारमाही दाटीची चराई झाली की आधी पवन्या, मारवेल ही चवीची गवते जातात, मग कुसळी वाढते आणि शेवटी जनावर तोंड लावत नाही अशी आखूड वर्षायू गवते राहतात. दरवर्षीचा वणवाही कुसळीच्याच पथ्यावर पडतो.

अन्नद्रव्ये वाढली की वैविध्य घटते, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे 1856 पासून एकाच कुरणावर चालू असलेल्या ‘पार्क ग्रास’ प्रयोगात ती स्वच्छ दिसली. बिनखताच्या वाफ्यांत तीस-चाळीस जाती टिकल्या. अमोनियम सल्फेट मिळालेल्या, पण चुना न घातलेल्या वाफ्यांत माती आम्ल होऊन दोन-तीनच जाती उरल्या. आपल्याकडे मेंढरांचा वाडा वर्षानुवर्षे जिथे बसतो, त्या जागी टाकळा, माठ आणि धोतरा यांचे रान माजते. चार पावलांवरचे मूळचे गवत तिथे शिरत नाही.

झाडे नसणे हा माळाचा आजार मानून गिरिपुष्पासारखी झाडे दाट लावली जातात. त्यांच्या सावलीत ऊन मागणारी गवते मरतात, आणि कुजणाऱ्या पाल्याने नत्रही वाढते. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेले गाजर गवत उकरलेल्या, मोडलेल्या जमिनीत आधी घुसते. मुळात हा प्रदेश जंगल तोडून उघडा पडलेला आहे, असे सर्रास समजणे बरोबर नाही. पंढरपूरच्या मंदिरात पंधराव्या शतकातल्या संत कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेला तरटीचा वृक्ष याच कोरड्या, काटेरी रानातला, म्हणजे असे रान इथे जुनेच आहे.

चराईने थकलेला माळ राखला, तर काही पावसाळ्यांत पवन्या परतू लागतो, कारण जमिनीखाली मुळे आणि ठोंब जिवंत असतात. नांगरलेल्या माळाचे तसे होत नाही. खर्चुडीचा (कंदीलपुष्पाचा) कंद, काळ्या मुसळीचे मूळ नांगराने उलथले की पुढे ती जमीन पडीक सोडली तरी आधी येतात ती वर्षायू तणे, आणि कंदवर्गीय वनस्पती कित्येक वर्षे दिसत नाहीत.