पौष महिना अधिक का होत नाही?

२०२० साली सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला झाली आणि दुसऱ्या दिवशी घट बसले नाहीत. ते बसले महिन्याने, १७ ऑक्टोबरला. मधे अधिक आश्विन होता. त्या दिवसांत एक संदेश फोनवर सारखा येत होता: लीप वर्ष आणि अधिक महिना एकत्र, १६० वर्षांनी आलेला दुर्मीळ योग! मला तो तीन नातेवाइकांकडून आला. जुन्या दिनदर्शिका काढून पाहिल्या असत्या तरी पुरे होतं. २०१२ लीप वर्ष, त्यात अधिक भाद्रपद. २००४ लीप वर्ष, त्यात अधिक श्रावण. लीप वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या सोयीसाठी आहे, अधिक महिन्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. गंमत वाटते ती याची, की असल्या खोट्या दुर्मीळपणाच्या नादात पंचांगातली खरी विलक्षण गोष्ट कुणी सांगतच नाही.

शाळेतलं थोडं आठवू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. म्हणून २०२४ साली ७ सप्टेंबरला आलेले गणपती २०२५ साली २७ ऑगस्टला आले. ही तूट तशीच सोडली तर सण ऋतूंमधून फिरत राहतात. रमजान असा साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्याकडे गणपती पावसाळा सोडत नाहीत, कारण मधूनच एक महिना वाढतो. २०२६ चं गणेश चतुर्थीचं स्थान म्हणूनच थेट १४ सप्टेंबर.

इथे बहुतेकांचा एक समज असतो, आणि माझाही बरीच वर्षं होता. तूट साठत जाते, तीन वर्षांनी तेहतीस दिवस झाले की पंचांगकर्ते एक महिना घालतात. प्रत्यक्षात कुणी काही घालत नाही. महिन्याला नाव देण्याचा एक नियम आहे आणि अधिक महिना त्या नियमातून आपोआप बाहेर पडतो. नियम असा: ज्या चांद्रमहिन्यात सूर्य मेष राशीत शिरतो तो चैत्र, वृषभेत शिरतो तो वैशाख, मिथुनेत शिरतो तो ज्येष्ठ, असं करत धनू संक्रांतीचा मार्गशीर्ष, मकर संक्रांतीचा पौष. ज्या महिन्यात एकही संक्रांत पडत नाही त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. तो पुढच्या महिन्याचं नाव घेतो आणि अधिक म्हणवतो.

जुन्या घराचा माळा डोळ्यांसमोर आणा. ओळीने तुळया आहेत, दोन तुळयांमधला एकेक खण. तुळया म्हणजे संक्रांती, खण म्हणजे सूर्याचा एका राशीतला मुक्काम. आता तुळयांवर उभ्या दिशेने, टोकाला टोक लावून फळ्या टाकत चला. फळी म्हणजे चांद्रमहिना. फळी खणापेक्षा जराशी आखूड आहे. बहुतेक प्रत्येक फळीखाली एक तुळई येते, पण दर फळीगणिक तुळईची जागा फळीवर पुढे पुढे सरकते. शेवटी एखादी फळी अशी येते की तिची दोन्ही टोकं एकाच खणात पडतात आणि तिच्याखाली तुळईच नसते. तो अधिकमास.

२०२६ चा अधिक ज्येष्ठ पाहा. सूर्य १५ मे रोजी सकाळी वृषभेत शिरतो. अमावास्या संपते १६ मेच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. पुढची अमावास्या संपते १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत, आणि सूर्य मिथुनेत शिरतो त्याच दिवशी दुपारी एकच्या आसपास. साडेचार तासांनी संक्रांत हुकली! ती सकाळी सात वाजता झाली असती तर हाच महिना साधा ज्येष्ठ ठरला असता. हे प्रथम स्वतः कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो होतो.

अधिक महिने सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतात, १९ वर्षांत सात. पण अंतर सारखं नसतं. २०१८ च्या मेपासून २०२० च्या सप्टेंबरपर्यंत २८ महिने, तिथून २०२३ च्या जुलैपर्यंत ३४. आणि यादी पाहिली तर ज्येष्ठ, आश्विन, श्रावण, पुन्हा ज्येष्ठ, सगळे उन्हाळ्या-पावसाळ्यातले. अधिक पौष कुणी पाहिला आहे? आपल्या काळात तो होतच नाही.

कारण सगळे खण सारख्या रुंदीचे नाहीत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि केप्लरच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे तेव्हा ती सर्वांत वेगाने धावते. आपल्याला ते सूर्याची चाल वाढल्यासारखं दिसतं. त्या वेळी सूर्य धनू राशीत असतो आणि तीस अंशांची ती रास तो सुमारे २९.४५ दिवसांत ओलांडतो. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सर्वांत दूर, चाल मंद. मिथुन रास ओलांडायला सुमारे ३१.४७ दिवस लागतात. मिथुनेच्या ऐसपैस खणात २९ दिवसांची फळी सहज मावते. धनूच्या खणात मावणार कशी? खण फळीहून अरुंद आहे.

त्यात भर अशी की फळ्याही थोड्या लहानमोठ्या असतात. चांद्रमहिना २९.२७ पासून २९.८३ दिवसांपर्यंत बदलतो. चंद्राची स्वतःची कक्षाही लंबवर्तुळाकार आहे. शिवाय थंडीत सूर्य भरभर पुढे सरकत असल्याने चंद्राला त्याला गाठायला जास्त वेळ लागतो. म्हणजे खण अरुंद होतात त्याच ऋतूत फळ्या लांब होण्याकडे कल. वरच्या अधिक ज्येष्ठाची लांबी मोजा, ती २९.२९ दिवस भरेल, जवळपास किमान.

आपल्या जुन्या गणितींना लंबवर्तुळ माहीत नव्हतं, पण सूर्याची चाल बदलते हे पक्कं माहीत होतं. जिथे ती सर्वांत मंद त्या बिंदूला ते मंदोच्च म्हणत आणि सूर्यसिद्धान्तात तो मिथुन राशीतच, ७७ अंशांच्या थोडा पुढे दिला आहे. तरी एके काळी सूर्य-चंद्राच्या सरासरी चालीने, म्हणजे मध्यम मानाने, अधिकमास काढत असत. तेव्हा कोणताही महिना अधिक होई, पौषसुद्धा. खऱ्या चालीने म्हणजे स्पष्ट मानाने गणित सुरू झालं आणि थंडीचे महिने त्या यादीतून गळाले.

अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यावं, पुरणाचे धोंडे करावेत, हे मला मनापासून आवडतं. पण मलमास म्हणून या महिन्यात घेतलेलं घर लाभत नाही, सुरू केलेला धंदा बुडतो, असं सांगून लोकांना घाबरवणाऱ्यांना एवढंच विचारावं: साडेचार तासांच्या फरकाने महिन्याचं नाव बदलतं, तर त्या घराच्या विटांना ते कसं कळतं?

आता उलट बाजू. फळी खणाहून लांब असेल तर एका फळीखाली दोन तुळया येऊ शकतात. एका चांद्रमहिन्यात दोन संक्रांती, म्हणजे एका महिन्याचं नाव गायब. हा क्षयमास. १९८३ साली १४ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास अमावास्या संपली आणि त्याच दुपारी सूर्य मकरेत गेला. १३ फेब्रुवारीच्या पहाटे तो कुंभेत शिरला, आणि त्यानंतर काही तासांत, सकाळी सहाला, पुढची अमावास्या संपली. दोन्ही संक्रांती एकाच महिन्यात बसल्या. मकरेचा पौष आणि कुंभेचा माघ एकच झाले. त्या पंचांगवर्षात (१९८२-८३) आश्विन अधिक होता आणि नंतर फाल्गुनही अधिक झाला, म्हणून वर्ष शेवटी तेरा महिन्यांचंच राहिलं. क्षयमासाच्या दोन बाजूंना असे दोन अधिकमास येतातच.

याआधीचा क्षयमास १९६३-६४ मध्ये, त्याआधीचा १८२२-२३ मध्ये. अंतरं १९ आणि १४१ वर्षं. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत नेमके हेच दोन आकडे दिले आहेत: क्षयमास बहुधा १४१ वर्षांनी, क्वचित १९ वर्षांनी. शके ९७४ मध्ये तो होऊन गेला, आणि पुढे १११५, १२५६ व १३७८ मध्ये होईल, असंही ते लिहून ठेवतात. १९ वर्षांचं कारण सोपं आहे: १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमहिने दोन्ही जवळजवळ ६,९४० दिवसांचे. २००४ आणि २०२३ चे अधिक श्रावण दोन्ही १८ जुलैलाच सुरू झाले ते यामुळेच. पुढचा क्षयमास २१२३-२४ मध्ये. दुर्मीळ योग हवाच असेल तर हा खरा.

क्षयमासात जन्मलेल्याने तिथीने वाढदिवस कोणत्या महिन्यात करायचा, यालाही शास्त्रकारांनी नियम दिला आहे: तिथीच्या पूर्वार्धात जन्म झाला तर आधीचा महिना, उत्तरार्धात झाला तर पुढचा. म्हणजे १९८३ च्या त्या तीस दिवसांत एकाच तिथीला, काही तासांच्या अंतराने जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाचा वाढदिवस पौषात येतो आणि दुसऱ्याचा माघात.