एक संगणक खेळायला, दुसरा दाखवायला

नेमबाजीच्या गेमचं लाइव्ह स्ट्रीम बघताना एक गोष्ट हमखास दिसते. खेळाडू मोकळ्या रस्त्यावरून चालत असतो, तोवर चित्र स्वच्छ असतं. तो उंच गवतात शिरून पळायला लागला, की गवताची पाती एकमेकांत मिसळतात, हिरवे चौकोन दिसू लागतात आणि शत्रू कुठे दडलाय ते बघणाऱ्याला काही केल्या कळत नाही. खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र त्याच क्षणी पातं न् पातं दिसत असतं. चित्राची ही दुर्दशा एन्कोडिंगच्या, म्हणजे पाठवण्याआधी चित्र आवळून छोटं करण्याच्या टप्प्यावर होते. गेम खेळायला एक संगणक आणि तो जगाला दाखवायला दुसरा, असा थाट जे मांडतात, त्यांची बरीचशी खटपट या एका टप्प्यासाठी असते.

आधी हिशेब बघू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला २४ बिट लागतात. म्हणजे एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचं. सेकंदाला अशी ६० चित्रं पाठवायची, तर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट होतात. लाइव्ह स्ट्रीम दाखवणारी ट्विचसारखी सेवा या दर्जाच्या स्ट्रीमसाठी सेकंदाला ६० लाख बिट पुरेसे धरते. थोडक्यात, मूळ माहितीचा पाचशेवा भाग पाठवायचा आणि बघणाऱ्याला फरक जाणवू द्यायचा नाही.

हे जमवणारी पद्धत म्हणजे २००३ साली प्रमाण ठरलेली एच.२६४. ती चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडते. १०८० ला १६ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून खाली आठ ओळी जोडून १०८८ करते. असे चौकोन होतात ८१६०. मूळ चित्रात एकेका चौकोनाची माहिती ६१४४ बिट असते. ६० लाखांच्या मर्यादेत त्याच्या वाट्याला सरासरी येतात फक्त १२.

१२ बिटांत भागतं, कारण बहुतेक चौकोनांना नव्याने काही सांगावंच लागत नाही. आकाश तेच, भिंत तीच, नकाशाचा कोपरा तोच. चौकोन जरा सरकला असेल, तर ‘मागच्या चित्रातला अमुक भाग, इतका डावीकडे’ एवढं सांगून काम होतं. उरलेला बारीक फरक गणिताने आवळला जातो. या गणिताचं मूळ १९७४ च्या एका शोधनिबंधात आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी त्यात डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडलं. एच.२६४ त्याचंच पूर्णांकांत बसवलेलं रूप वापरते. आज जगात जे व्हिडिओ पाहिले जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी हे काम आहे, आणि आपल्याकडे ते शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता गवताकडे परत येऊ. प्रत्येक पातं वेगळ्या दिशेला हलतं. त्यातच कॅमेरा वळतो, सावल्या बदलतात. मागच्या चित्रात जुळणारा भाग शोधूनही सापडत नाही, त्यामुळे जवळपास सगळे चौकोन एकदम नवी माहिती मागतात. बिट तर तेवढेच. मग एन्कोडर बारकावे टाकून देतो आणि आपल्याला चौकोन दिसतात. बर्फ, पाऊस, स्फोटाचा धूर, उधळलेले कागदाचे तुकडे या सगळ्यांत हेच होतं.

जुळणारा भाग किती चिकाटीने शोधायचा, हे मात्र आपल्या हातात असतं. एच.२६४ पद्धतीने चित्र आवळणाऱ्या एक्स२६४ या मोफत एन्कोडरमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत: ‘अल्ट्राफास्ट’, ‘व्हेरीफास्ट’, ‘फास्ट’, ‘मीडियम’, ‘स्लो’ आणि त्याहून संथ. बिट तेवढेच ठेवून पायरी जितकी संथ, तितकं चित्र स्वच्छ, कारण शोध अधिक खोलवर जातो. सिनेमा आवळायचा असेल तर रात्रभर संगणक चालू ठेवता येतो. थेट प्रक्षेपणात सेकंदाला ६० चित्रं बाहेर पडलीच पाहिजेत, म्हणजे एकाला सरासरी १६.६७ मिलिसेकंद.

त्याच प्रोसेसरवर गेमही चालू असतो, आणि त्याची घाई याहून मोठी. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा मॉनिटर असेल, तर प्रत्येक चित्र ६.९४ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. एन्कोडर प्रोसेसरचे कोअर, म्हणजे त्याचे काम करणारे भाग, अडवून बसला, की गेमचं एखादं चित्र वेळेवर पोहोचत नाही आणि बंदूक रोखतानाच हाताला झटका जाणवतो. सरासरी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम) बघून हे कळत नाही. सेकंदात एक चित्र अडखळलं तरी खेळणाऱ्याला ते बोचतं. एन्कोडरची पायरी ‘व्हेरीफास्ट’वर आणली की खेळ सुधारतो, पण गवत बिघडतं. या ओढाताणीतून दोन संगणकांची पद्धत आली. गेमिंग पीसीने फक्त खेळ चालवायचा, स्ट्रीमिंग पीसीने सगळे कोअर एन्कोडिंगला द्यायचे.

दरम्यान चिप बनवणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणि एनव्हीडियाने २०१२ मध्ये एनव्हेंक आणलं. एन्कोडिंगचं काम करणारा स्वतंत्र भागच चिपवर कोरला, त्यामुळे प्रोसेसरवर भार नाममात्र. सुरुवातीला कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला थोडे बिट असताना, त्यांचं चित्र एक्स२६४ पुढे फिकं पडायचं. २०१८ च्या आरटीएक्स २० या ग्राफिक्स कार्डांच्या मालिकेपासून एनव्हेंक एक्स२६४ च्या ‘मीडियम’च्या आसपास पोहोचलं. २०२२ मध्ये इंटेल, एनव्हीडिया आणि एएमडी या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या ग्राफिक्स कार्डांवर एव्ही१ या नव्या पद्धतीचे एन्कोडरही आले. तेव्हा, ज्याच्याकडे गेल्या पाच-सहा वर्षांतलं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे आणि जो केवळ चित्र सुधारावं म्हणून दुसरा संगणक घ्यायला निघालाय, त्याला मी थांब म्हणेन. आधी ओबीएस उघड.

ओबीएस स्टुडिओ हे स्ट्रीमिंगचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर. २०१२ पासून ते आहे आणि छोट्या-मोठ्या बहुतेक स्ट्रीमरकडे तेच दिसतं. त्यात ‘स्टॅट्स’ नावाची खिडकी आहे. तासभर नेहमीसारखं खेळून तिच्यातले तीन आकडे बघावेत. मशीन बदलायची की नाही, याचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

पहिला आकडा रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेमचा. गेमचं चित्र, कोपऱ्यातला चेहरा, चॅटची पट्टी हे सगळं एकत्र जुळवायला ओबीएसला ग्राफिक्स कार्ड लागतं. गेमने ते ९९ टक्के व्यापलं असेल, तर ओबीएसला वेळच मिळत नाही. दुसरा संगणक हे नक्की सोडवतो, पण त्याआधी दोन फुकट उपाय आहेत: गेमचा फ्रेम रेट बांधून टाकायचा, आणि विंडोजवर ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचं, म्हणजे त्याला ग्राफिक्स कार्डावर प्राधान्य मिळतं. अनेकांचं दुखणं एवढ्यावरच थांबतं.

दुसरा आकडा एन्कोडिंगमुळे वगळलेल्या फ्रेमचा. एक्स२६४ वापरत असाल तर पायरी खाली आणा किंवा हार्डवेअर एन्कोडर निवडा. तिसरा आकडा नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचा, आणि इथे लोक फसतात. हा आकडा वाढत असेल तर दहा संगणक आणले तरी उपयोग नाही. दोन्ही मशीन शेवटी एकाच राउटरमधून बाहेर पडतात. सेकंदाला ६० लाख बिटांचं स्ट्रीम सतत वर चढत असतं. अपलोड तेवढंच असेल तर राउटरपाशी पॅकेटची रांग लागते, गेमची इवलीशी पॅकेटंही त्याच रांगेत अडकतात आणि पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, भडकतो. अपलोड किमान दीडपट हवं, दोन्ही मशीनना लॅनची केबल हवी, वाय-फाय नको. वीज जाते अशा गावात यूपीएसवर राउटर आणि फायबरचा डबाही घ्यावा. संगणक चालू आणि नेट बंद असेल तर स्ट्रीम तुटणारच.

पहिल्या दोन आकड्यांनी खरोखर दुसऱ्या संगणकाकडे बोट दाखवलं, तर पुढचा प्रश्न जोडणीचा. नेहमीचा मार्ग कॅप्चर कार्डाचा. गेमिंग पीसीच्या एचडीएमआयमधून चित्र कार्डात जातं, कार्ड ते स्ट्रीमिंग पीसीला देतं. कार्ड घेताना खोक्यावरच्या ‘४के’ या अक्षरांना भुलू नये. स्वस्तातल्या छोट्या डोंगलवर ते लिहिलेलं असतं, पण अर्थ एवढाच की ४के सिग्नल आत घेता येतो. आतून जोडणी यूएसबी २.० ची असेल तर तिची कमाल गती सेकंदाला ४८ कोटी बिट. फुल एचडी ६० फ्रेमचं कच्चं चित्र तीत मावत नाही. म्हणून डोंगल ते आधीच आवळून देतं, आणि तुम्ही ज्या स्वच्छ चित्रासाठी एवढा खर्च केला ते उगमापाशीच डागाळतं. यूएसबी ३.० किंवा मदरबोर्डवर बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्डच घ्यावं.

दुसरी मेख मॉनिटरची. विंडोजमध्ये दोन्ही डिस्प्ले ‘डुप्लिकेट’ केले, की बऱ्याचदा १४४ हर्ट्झचा मॉनिटर कार्डाबरोबर ६० वर येऊन बसतो. सरावलेले स्ट्रीमर कार्डाला वेगळा, वाढीव डिस्प्ले मानतात, गेमिंग पीसीवरही ओबीएस चालवतात आणि त्यातलं गेमचं चित्र ओबीएसच्याच ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ या सोयीने त्या डिस्प्लेवर टाकतात. एन्कोडिंग तिथे होत नाही, फक्त चित्र पुढे सरकवलं जातं. ग्राफिक्स कार्डावर थोडा भार पडतो, पण मॉनिटर १४४ वर राहतो. कार्ड नकोच असेल, तर न्यूटेकने २०१५ मध्ये आणलेलं एनडीआय आहे. ते लॅन केबलमधून चित्र नेतं, फुल एचडी ६० फ्रेमला सेकंदाला सव्वाशे-दीडशे मेगाबिट घेतं, त्यामुळे गिगाबिट नेटवर्क पाहिजे. त्यासाठी गेमिंग पीसीला थोडं एन्कोडिंग करावंच लागतं. प्रोसेसर आधीच दमलेला असेल तर हा मार्ग नको.

चित्र एका दुपारी लागतं. आवाज लावायला आठवडा जाऊ शकतो.

गेमचा आवाज एचडीएमआयमधून चित्राबरोबरच न्यावा, म्हणजे दोघांची ताटातूट होत नाही. माइक स्ट्रीमिंग पीसीला लावला तर तो चित्राच्या आधी पोहोचतो, कारण कॅप्चर कार्ड चित्राला थोडा वेळ रोखतं. कार्डानुसार तो काही मिलिसेकंदांपासून शंभराच्या पुढेही असतो. तो मोजायची सोपी युक्ती आहे. हेडफोन गेमिंग पीसीला लावा, त्याचा कान माइकला टेकवा आणि गेममध्ये एकच गोळी झाडा. ओबीएसमध्ये माइक आणि कॅप्चर कार्ड वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. ध्वनी संपादनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, की एकाच गोळीची दोन शिखरं दिसतात: आधी माइकमधली, मग कार्डातली. त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजून ओबीएसमध्ये माइकच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये भरा. गोळी तीन-चारदा झाडून सरासरी घेतलेली बरी.

एवढं करूनही तासाभराने ओठ आणि आवाज फटकून दिसू लागले, तर कारण वेगळं असतं. प्रत्येक उपकरण आपल्या आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर वेळ मोजतं आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक धरला, तर तासाला ०.१८ सेकंद होतात. सॉफ्टवेअर हे अंतर सतत भरून काढत असतं. ते जमलं नाही की आवाज सरकतो किंवा तडतडतो. सगळीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झच ठेवावा आणि आवाज कमीत कमी वाटांनी न्यावा.

गप्पांसाठी डिस्कॉर्ड हे अ‍ॅप गेमिंग पीसीवर असतं, म्हणून माइक तिथेही हवा असतो. मग लोक दोन संगणकांमध्ये ३.५ मिलिमीटरची ऑडिओ वायर टाकतात आणि मागे घूंऽऽ असा आवाज येऊ लागतो. दोन मशीन वेगवेगळ्या सॉकेटवर असल्या, की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो. त्या फरकामुळे वायरच्या आवरणातून विजेचा प्रवाह वाहतो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घरघर माइकमध्ये उतरते. दोन्ही संगणक एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी घरघर राहिली तर वायरमध्ये हा प्रवाह तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जीवाशी खेळ होईल.

स्ट्रीमिंग पीसी महागडाच हवा असंही नाही. त्याला गेम चालवायचा नसतो. क्विक सिंक असलेला, यूएसबी ३.० चा जुना डेस्कटॉप फुल एचडी स्ट्रीम निवांत काढतो. एक्स२६४ ‘मीडियम’वर चालवायचं असेल तर आठ कोअरचा प्रोसेसर बघावा. आणि दुसऱ्या संगणकाचा एक फायदा कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही. गेमिंग पीसी मध्येच बंद पडला तरी स्ट्रीम चालूच राहतं. स्पर्धांचं प्रक्षेपण करणारे लोक यासाठी काम वेगळ्या मशीनवर ठेवतात, आणि माझ्या मते आजच्या काळात दुसरा संगणक घेण्याचं हे सर्वांत पटण्यासारखं कारण आहे.

कन्सोलवाल्यांकडे पहिला संगणक म्हणजे कन्सोलच. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण बंद करावं, नाहीतर कॅप्चर कार्डाला काळी स्क्रीन दिसते. आपल्याकडे बहुतेक मुलं मोबाइलवर खेळतात, त्यांनाही हीच मांडणी लागू पडते: फोन खेळतो, घरातला संगणक दाखवतो. फक्त फोनच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का, हे आधी तपासावं. अनेक स्वस्त फोनमध्ये तिथून केवळ चार्जिंग आणि डेटा जातो. व्हिडिओ येत असेल तर एचडीएमआयबरोबर चार्जरही लावता येईल असा अडॅप्टर घ्या, कारण खेळ आणि व्हिडिओ दोन्ही चालू असताना बॅटरी झपाट्याने उतरते.