मोबाइल पालथा घाला, मग छतावर चित्र पाडा

पावसाळ्यात लाईन गेली की खाटेवर उताणं पडून स्लॅबकडे बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही. पुठ्ठ्याच्या डब्यात मोबाइल ठेवा, समोर भिंग लावा, की त्याच स्लॅबवर लखलखीत सिनेमा दिसेल, असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. माझा त्या लखलखाटावर विश्वास नाही, कारण साधं गणित आड येतं.

मोबाइलची स्क्रीन प्रकाश चहूकडे फेकते आणि त्यातला भिंगात शिरतो तो चिमूटभर. ५ सेंटिमीटर व्यासाचं भिंग आणि तिथून २४० सेंटिमीटरवर छत धरा. ५०० निट तेजाच्या चांगल्या स्क्रीनचाही छतावर ०.२ लक्सपेक्षा (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) कमीच उजेड पडतो, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. दारंखिडक्या लावून डोळे अंधाराला सरावले तर काहीतरी हललेलं दिसेल, एवढंच.

त्यापेक्षा फोन पालथा घाला. पाठीवरची टॉर्च इवलीशी असली तरी तिचा प्रकाश एका ठिपक्यातून निघतो आणि असा प्रकाश वळवून नेमका भिंगात घालता येतो. ते काम फ्यूज उडालेला जुना गोल बल्ब करतो. काच पारदर्शक हवी, दुधी नको. मागचं टोक पकडीनं फोडून आतली तार काढायची (हे मोठ्यांनीच करावं, काच वाईट कापते), पाणी भरायचं आणि तोंड मेणानं बंद करायचं. दूरचा उजेड भिंगातून जाऊन जिथे एका ठिपक्यात एकवटतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे केंद्रांतर; पाण्याच्या गोळ्याचं ते, मध्यापासून मोजलं तर, त्याच्या व्यासाएवढंच येतं. बल्ब ६ सेंटिमीटरचा असेल तर केंद्रांतरही ६.

डब्याच्या तळाशी फोन. टॉर्चच्या बरोबर वर, सुमारे ११ सेंटिमीटरवर बल्बचा मध्य येईल असा बल्ब आडवा बसवायचा. मान डब्याबाहेर काढली तरी चालते. बल्बच्या माथ्याला टेकून चित्र आणि चित्राच्या वर भिंग. तेलाचा दिवा, उजेड गोळा करणारं भिंग, काचेवरचं चित्र आणि पुन्हा भिंग, अशीच मांडणी जुन्या जादूच्या कंदिलात असे. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने तो १६५९च्या सुमारास तयार केला. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९०च्या दशकात रंगवलेल्या काचांचे खेळ दाखवले, तेही याच वाटेनं.

चित्रासाठी झेरॉक्सच्या दुकानातली पारदर्शक शीट आणि परमनंट मार्कर घ्या. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ३ सेंटिमीटर लांब काढला, तर १० सेंटिमीटर केंद्रांतराच्या भिंगानं तो छतावर सुमारे ७० सेंटिमीटरचा होतो. केंद्रांतर माहीत नसेल तर दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या कडुनिंबाचं चित्र स्पष्ट पाडा आणि भिंग ते भिंत अंतर मोजा. झाड उलटं दिसेल, ते तसंच दिसायला हवं.

खरी कसरत पुढे आहे. छत २४० सेंटिमीटरवर असताना चित्र भिंगापासून १०.४ सेंटिमीटरवर हवं. १० वर ठेवलं तर प्रतिमा कुठेच बनत नाही. सगळा खेळ त्या चार मिलिमीटरचा. म्हणून भिंग एकात एक सरकणाऱ्या दोन कागदी नळ्यांत बसवा आणि नखानं ढकलल्यासारखं हळूहळू सरकवा. नंदीची शिंगं आधी धुरकट दिसतात, मग एकदम कडा धरतात.

छतावर उलटंसुलटं याला अर्थ नसतो; डोक्याची बाजू बदलून झोपलं की चित्र सरळ. अक्षरांचं मात्र तसं नाही. स्क्रीनवरचा मजकूर भिंगातून गेला की आरशातल्यासारखा दिसतो आणि कुशी बदलून तो सुधारत नाही. शीट मात्र नुसती पालथी केली की अक्षरं वाचता येतात.

कवेलूच्या घरात सपाट छत नसतं. तिथे आढ्याखाली पांढरं धोतर ताणून बांधा. अंतर कमी झाल्यानं चित्र लहान पण जास्त उजळ येतं. आणि घरात वेचलेला कापूस रचून ठेवला असेल, तर पाण्याचा बल्ब दिवसा झाकून ठेवा. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या काचेपासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर एका ठिपक्यात एकवटतं आणि कापसाला पेटायला तेवढं पुरतं.